आईच्या उशाशी कोण होतं

"ताई, एक विचारू? राग नाही ना येणार?"

राग येणार नाही असं आधी कबूल करून घेऊन जो प्रश्न विचारतात, तो हमखास राग आणणाराच असतो, हे छप्पन्नाव्या वर्षी ताईला कुणी शिकवायला नको होतं. पण विचारणारी पोरगी गुणी होती, नवखी होती, आणि मुख्य म्हणजे ताईचीच भूमिका करत होती. ताई चष्मा डोक्यावर कसा सारते, बाह्या कशा दुमडते, रागावली की एकदम हळू कशी बोलते, हे सगळं ती गेले एकवीस दिवस मागेमागे हिंडून टिपून घेत होती. आपलं सोंग कुणी एवढं मन लावून वठवतंय म्हटल्यावर माणूस सुखावतोच. ताईही सुखावली होती, खोटं कशाला बोला.

"विचार की."

"तुमच्या आई गेल्या तेव्हा तुम्ही जवळ नव्हतात, त्याचं नंतर वाईट वाटलं का हो? मी दोष देत नाहीये हं. पण आजच्या सीनमध्ये मी उशिरा येते आणि दारातच थबकते. तर चेहऱ्यावर नक्की काय ठेवू? पश्चात्ताप, की नुसता प्रवासाचा थकवा?"

ताईने डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला. मेकअपच्या खोलीत पंखा फिरत होता.

"कोण नव्हतं जवळ?"

"तुम्ही." पोरगी गोंधळली. "सर म्हणाले, हे सगळं खरं घडलेलं आहे. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

"आजची पानं दाखव बघू मला."

इथे एक सांगायला हवं. शूटिंगच्या ठिकाणी सगळ्यात आधी कागद मिळतात ते ताईला. तिचं कामच तसं. आधीच्या शॉटमध्ये पेला कुठल्या हातात होता, शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं की उघडं, घड्याळात किती वाजले होते, हे सगळं तिच्या वहीत. आज एका दाराबाहेर उभा राहिलेला माणूस महिनाभराने त्याच दारातून आत येतो, तेव्हा तो तसाच्या तसा दिसला पाहिजे, ही जबाबदारी तिची. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतःची सिनेमा कंपनी काढली तेव्हा एकोणिसाव्या वर्षी तिच्या हातात वही दिली होती, ती अजून सुटलेली नाही. युनिटमधली माणसं तिला मागून वहीताई म्हणतात आणि तिने मान हलवल्याशिवाय कॅमेरा जागचा हलत नाही. पण या सिनेमाच्या दिग्दर्शकाने, म्हणजे तिच्याच धाकट्या भावाने, तिला एकशे अकराव्या पानापर्यंतचेच कागद दिले होते. पुढचं अजून लिहितोय म्हणाला. आणि हिने विश्वास ठेवला. दुनियेच्या चुका पकडणारी बाई, पण भावापुढे भाबडी.

पान एकशे बारावर असं होतं: मुलगा आईच्या उशाशी बसला आहे. आई उजव्या हाताने पेला धरून दोन घोट पाणी पिते. तोच हात मुलाच्या डोक्यावर ठेवते. 'तू एकटाच होतास रे माझ्याजवळ. बाकीचे आपापल्या वाटेने गेले.' आई प्राण सोडते. काही वेळाने मुलगी दारात येते. हातात प्रवासाची बॅग.

ताईने ते दोनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती कशी जाते हे तिला त्या क्षणी पायरीपायरीने कळलं. अहो, बॅगसुद्धा त्याचीच होती. नऊ वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली आणि नवव्या दिवशी गेली, ते नऊ दिवस आणि नऊ रात्री तिच्या उशाशी खुर्ची टाकून कोण बसलं होतं, तर ताई. आणि हा धाकटा, बारक्या, आईचा लाडका, आपल्या पहिल्यावहिल्या सिनेमाचं गाणं कुठल्याशा डोंगरावर चित्रित करत बसला होता. सहा वेळा फोन केले. 'निघतोच', 'उद्या निघतो', 'गाडी मिळत नाहीये' करत आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तो उगवला, हातात प्रवासाची बॅग घेऊन. दारात थबकलाही होता. त्यावर घरातलं कुणी आजतागायत एका शब्दाने बोललं नाही. विषय निघाला की सगळ्यांना एकदम तहान लागायची आणि एकेक जण पाणी प्यायला उठायचा.

"काय ठेवू मग चेहऱ्यावर?" पोरीने हळूच विचारलं.

"सध्या काहीच ठेवू नकोस," ताई म्हणाली आणि पानं घेऊन बाहेर पडली.

वहिनी कपड्यांच्या खोलीत होती. दुसऱ्या भावाची, दादाची बायको, आणि या सिनेमाच्या सगळ्या कपड्यांची मालकीण. सीनच्या क्रमाने टांगलेल्या कपड्यांच्या रांगेत उभी राहून ती बाहीची शिवण दाताने तोडत होती. ताईने पानं पुढे केली. वहिनीने वाचली नाहीत, नुसती बघितली.

"तुला आज कळलं होय? मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं, मी अंगठी काढून घेते ते."

"कसली अंगठी?"

"सासूबाईंची. त्या गेल्यावर मी खोलीत एकटी थांबते आणि त्यांच्या बोटातली अंगठी काढून रुमालात बांधते. पान एकशे तेरा. मी गं, मी. जिने त्यांचं दागिन्यांचं कपाट आजवर उघडलं नाही." वहिनीचा आवाज चढला. "शिवाय माझी भूमिका करायला शोधून कोण आणलीय, तर ती. बघितलंस ना तिचं नाक?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? निर्माता माझाच नवरा. घरात विषय काढला की तो फोनवर बोलायला लागतो, फोन आलेला नसला तरी. आणि तू गप्प होतीस, म्हणून मला वाटलं तुला चालतंय."

"माझ्याकडे ती पानंच नव्हती."

तीस वर्षं एका घरात काढलेल्या दोघी, पण एकमेकींच्या बाजूने उभं राहायची वेळ तशी कमीच आलेली. बहुतेक वेळा समोरासमोरच. आज मात्र वहिनीने कात्री टेबलावर आपटली.

"चल. एकदाचा सोक्षमोक्ष लावूनच टाकू."

दादाचं ऑफिस स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर होतं. टेबलामागे दादा, दोन्ही हातांत दोन फोन. खिडकीशी आत्या, ब्याऐंशी वर्षांची, ऑफिसातल्या एकुलत्या एका मऊ खुर्चीत. अण्णांची ही बहीण आई मरेपर्यंत तिच्याशी भांडली आणि आई मरेपर्यंत तिच्याच शेजारी झोपली. आता ती रोज डबा घेऊन शूटिंगला हजर असे, कारण तिच्या तरुणपणाची भूमिका एक फार देखणी मुलगी करत होती आणि आत्याला ते बघून पुरत नव्हतं. आणि टेबलाच्या कडेवर टेकून चहा पीत होता बारक्या. चव्वेचाळीस वर्षांचा, दाढीत पांढरे केस, बाहेर सगळे सर म्हणतात, तरी बारक्याच.

ताईने पानं त्याच्या चहाशेजारी ठेवली. "हे काय आहे?"

"अगं, मी तुला सांगणारच होतो."

"कधी? पोस्टर लागल्यावर?"

"बस आधी," दादा म्हणाला. "पाणी घे."

"पाणी नको. या विषयाला आपल्या घरात आजवर फार पाणी पिऊन झालंय."

बारक्याने कप खाली ठेवला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं, बहुधा महिनाभर तयार होतं. "ताई, हा सिनेमा आहे. दोन तास लोक ज्या मुलाचा हात धरून चालले, तो आई मरताना डोंगरावर गाणं घेत होता असं दाखवलं, तर लोक त्याला माफ करणार नाहीत."

"मग नको मागूस माफी. आणि त्याला उशाशी बसवायचं तर बसव. मुलीला का हाकललंस?"

"दोघं असले की सीन फुटतो. एक आई, एक मुलगा. आणि नंतर कुणीतरी उशिरा यायला हवं, नाहीतर..."

"कुणीतरी. म्हणजे मी."

"ती तू नाहीस गं. तिचं नाव वेगळं आहे. ती बँकेत नोकरी करते."

ताई अगदी हळू बोलायला लागली. "तिचा चष्मा डोक्यावर असतो. तिच्या बाह्या दुमडलेल्या असतात. आणि परवा मुलाखतीत तू सांगितलंस की यातलं अक्षर न् अक्षर आपल्या घरात घडलंय. सिनेमाच्या पहिल्या पाटीवर तेच लिहिणार आहेस. आई गेली तेव्हा कोण कुठे होतं, हे आपल्या जिन्यातल्या चार घरांना ठाऊक आहे, बारक्या. बाकीच्या जगाला तू दाखवशील तेच खरं. उद्या माझी लेक हे बघेल. तिच्या मैत्रिणी बघतील. मी काय त्या चार घरांना घेऊन थिएटरबाहेर उभी राहू?"

दादाने एक फोन खाली ठेवला, म्हणजे प्रकरण त्याच्या मते गंभीर झालं होतं. "हे बघ, हिरोने हा सीन वाचून सिनेमा घेतलाय. हाच सीन. आज झाला नाही तर पुढे त्याच्या तारखा नाहीत. चाळीस माणसं खाली उभी आहेत."

"आणि माझं काय?" वहिनी पुढे झाली. "मी अंगठी कधी काढली?"

दादाने तिच्याकडे बघितलं. निर्मात्याचं अर्धं आयुष्य माणसं सांभाळण्यात जातं आणि कोण कशाने शांत होईल याचा अंदाज त्याला नाडी बघितल्यासारखा येतो. "अंगठीचा सीन काढलाय," तो म्हणाला.

"काढला? कधी?"

"काल रात्रीच ठरलं. लांबी वाढत होती. काय रे?"

बारक्याने तोंड उघडलं, भावाचा चेहरा बघितला आणि पुन्हा मिटलं. सीन नुकताच, याच खोलीत, गेल्या दहा सेकंदांत काढला गेला होता, हे खिडकीवरच्या कबुतरालाही कळलं असतं. वहिनीलाही कळलंच. पण ती स्टूल ओढून बसली, बाहीवरचा एक धागा तिने बारकाईने काढला, आणि मग ताईकडे न बघता म्हणाली, "तसं म्हटलं तर, लोक काही एवढं लक्षात ठेवत नाहीत गं."

झालं. अंगठी सुटली आणि वहिनी फुटली. जिना चढताना जी हातात हात घालून आली होती, तिला खोलीत शिरून पुरती पाच मिनिटं झाली नव्हती. ताईला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त राग स्वतःचा आला, की आपण हिला बरोबर आणलं.

"आत्या," ती खिडकीकडे वळली. "तू होतीस त्या खोलीत. तू सांग यांना."

आत्याने डबा मांडीवर सरळ केला. "आता मला मेलीला कुठे आठवतंय, बाई. वय झालं."

"अण्णांच्या पहिल्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला कुणी कुठल्या रंगाचा कोट घातला होता, ते परवा सगळ्यांना सांगत होतीस."

"ते जुनं. जुनं बरोबर आठवतं. हे अलीकडचं."

आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. खाली अंगणात तिचं तरुणपण केस विंचरून घेत बसलं होतं.

मग बारक्या टेबलावरून उठला आणि ताईच्या समोर येऊन उभा राहिला. आता त्याच्या आवाजात तयार उत्तर नव्हतं. "ताई, मी रोज जातो त्या खोलीत. मनात. नऊ वर्षं. दार उघडतो तर पलंग रिकामा. मला एकदा, एकदाच तिथे बसायचं होतं तिच्याजवळ. मला दुसरीकडे कुठे बसता येणार आहे आता?"

बारा वर्षांनी लहान भाऊ, कडेवर खेळवलेला. पण आग विझली नाही, उलट भडकली, कारण त्याचं दुःख खरं होतं आणि त्या खऱ्या दुःखाची किंमत त्याने तिला मोजायला लावली होती.

"बस की," ती म्हणाली. "कोण नको म्हणतंय? पण मला उठवून कशाला बसतोस?"

उत्तर दादाने दिलं, आणि ते दिलं नसतं तर बरं झालं असतं. "ताई, आता पुरे. तू कंटिन्युइटी बघ. गोष्ट बघायला दिग्दर्शक आहे."

सदतीस वर्षं. अण्णा गेल्यावर कंपनी बुडायला आली तेव्हा दादाला कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूने बघायचं हे हिने शिकवलं होतं. ताईने पानं उचलली, वहीत ठेवली.

"बरं," ती इतकं हळू म्हणाली की वहिनीने मान वर करून बघितलं.

जिना उतरताना तिच्या मनात पहिला विचार आला तो चपला घालून सरळ घरी जाण्याचा. करू देत यांना आपापलं, बसू देत हात चोळत. ती फाटकापर्यंत गेलीही. आणि तिथे तिच्या लक्षात आलं, आपण गेलो तर यांचं फावलंच. आई मरणार आणि मुलगी तिथे नसणार. एकशे बारावं पान आपण आपल्या पायांनी खरं करून देणार. ती परत फिरली.

सेटवर आईची खोली उभी होती. ताईनेच सांगून उभी करवलेली, पलंगापासून दारापर्यंत पावलं मोजून. पलंगावर थोरल्या बाई निजल्या होत्या. सगळ्या युनिटमध्ये त्यांना याच नावाने ओळखत. साठ वर्षं काम केलेली बाई, आणि प्रश्न विचारण्यात लहान पोरीसारखी चिवट. उशा का दोन, चादर कुणी बदलली, मी शेवटचं कधी खाल्लं, हे समजल्याशिवाय त्या डोळासुद्धा मिटायच्या नाहीत. हिरो खुर्चीत बसून डोळ्यांत ग्लिसरीन घालून घेत होता. आत्याला खाली आणून मॉनिटरमागे बसवलं होतं. दादा हात बांधून उभा. दारापलीकडे ती नवी पोरगी बॅग घेऊन थांबलेली.

ताई आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसली. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला. वही उघडली, पेन काढलं.

"रिहर्सल," बारक्या म्हणाला. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

थोरल्या बाईंनी उजवा हात उचलला, पेला धरला, ओठांशी नेला. आणि पुन्हा खाली ठेवला.

"थांबा हो जरा. मंगळवारी डॉक्टर इथेच पलंगाशी उभे राहून काय म्हणाले? उजवी बाजू पूर्ण गेलीय. माझ्या चांगलं लक्षात आहे, मी तासभर हा हात ओंडक्यासारखा टाकून पडले होते. आज त्याच हाताने पाणी पिते? एका रात्रीत हात परत आला की काय माझा?"

दिव्यांवरची माणसं हसली. बारक्या हसला नाही. डॉक्टरांचा सीन लिहिताना त्याने ताईला फोन करून विचारलं होतं, डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते गं, आणि तिने शब्द न् शब्द सांगितला होता. आजचं पान मात्र तिच्यापासून लपवायचं होतं, म्हणून विचारलं कुणालाच नाही, स्वतःच्या मनाने लिहिलं. आणि आईची कुठली बाजू गेली होती हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो डोंगरावर जायला निघाला तेव्हा ती दोन्ही हातांनी त्याची बॅग भरून देत होती.

"ताई," तो सवयीने म्हणाला, "मंगळवारी काय होतं?"

चाळीस माना तिच्याकडे वळल्या. या क्षणी वहीचं पान उलटायचं, उत्तर द्यायचं, आणि काम पुढे जायचं, हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की कॅमेरामनने पुन्हा डोळा लावलासुद्धा.

ताईने वही मिटली. "मला काय विचारतोस? मी नव्हते तिथे."

"ताई, प्लीज."

"पान एकशे बारा. मुलगी नंतर येते, बॅग घेऊन. तिला कसं ठाऊक असेल कुठली बाजू गेली होती? मुलगा होता उशाशी. मुलाला विचारा."

थोरल्या बाईंना वरच्या खोलीतलं काहीच माहिती नव्हतं. त्यांना हे अगदी रास्त वाटलं. त्या कोपरावर उठून बारक्याकडे वळल्या. "बरोबर आहे की. सर, तुम्ही होतात ना? मग मला सांगा, त्यांना गिळता येत होतं का? पेला तोंडाला लावू की नुसता टेकवू? बोलणं स्पष्ट होतं? डोळे उघडे होते की मिटलेले?"

"डोळे," बारक्या म्हणाला. "उघडे. म्हणजे, अर्धवट."

"आणि बघत कुठे होत्या?"

त्याने ओठ ओले केले. "माझ्याकडे."

"काहीतरीच काय बोलतोय हा?"

हा आवाज मॉनिटरमागून आला. आत्या खुर्चीत पुढे सरकली होती, डबा मांडीवरून घसरायला आलेला. "गिळता कुठे येत होतं तिला? थेंबभर पाणी दिलं तर ठसका लागायचा. ही कापसाचा बोळा ओला करून ओठांवर फिरवायची. रात्रभर. मी होते ना तिथे."

"आत्या," दादा दबल्या आवाजात म्हणाला, "शूटिंग चाललंय."

"गप बस रे. मघाशी तुझी भीड पडली मला. माझी भावजय होती ती, भांडले असेन नसेन. तिला पेल्याने पाणी पाजून काय मारताय? आणि हा नव्हता. ही होती. एवढं काही माझं वय झालेलं नाही."

हिरोच्या गालांवरून ग्लिसरीनचं पाणी आपलं वाहत होतं, त्याला पुसायचंही सुचलं नाही. थोरल्या बाईंनी एकदा बारक्याकडे बघितलं, एकदा ताईकडे. काय समजायचं ते समजल्या असाव्यात, कारण पुढचा प्रश्न त्यांनी ताईला विचारला, आणि नेहमीच्याच सुरात विचारला, कामाचा प्रश्न विचारतात तसा.

"मग बघत कुठे होत्या हो त्या?"

"दाराकडे."

"का?"

ताईला हे सांगायचं नव्हतं. नऊ वर्षं तिने सांगितलं नव्हतं, आणि आज सकाळपर्यंत कधी सांगेन असं तिला वाटलंही नव्हतं. पण पान एकशे बारा मांडीवर होतं, आणि त्यात आई म्हणत होती, बाकीचे आपापल्या वाटेने गेले.

"याची वाट बघत होती," ती म्हणाली. आता ती हळू बोलत नव्हती. "जीभ जड झाली होती, दुसऱ्या कुणाला कळायचं नाही, मला कळायचं. 'आला का?' विचारायची. मी म्हटलं, आलाय गं, खाली गाडी लावतोय. मग दाराकडे डोळे लावून पडली. तशीच गेली."

बारक्याचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला.

"हे मी दादालासुद्धा सांगितलं नाही. तुला तर नाहीच. म्हटलं, कशाला पोराच्या जिवाला जन्मभराची टोचणी. मरणाऱ्या बाईशी खोटं बोलले मी, तुझ्यासाठी. आणि तू? मला त्या खुर्चीतून उठवलंस, तुझी बॅग माझ्या हातात दिलीस, आईच्या तोंडी हे असलं घातलंस, आणि वर मीच वहीत लिहून घ्यायचं, पेला कुठल्या हातात ते. लाज कशी नाही वाटली रे तुला? आईने दोघांना वाढवलं होतं ना?"

दादाच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याने तो बंद केला. वहिनी केव्हा आत येऊन भिंतीशी उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिने डोळ्यांना पदर की रुमाल काय लावला होता, ते अंधारात दिसत नव्हतं, आणि ताईने मुद्दाम बघितलंही नाही.

"मग मी दाराकडे बघते," थोरल्या बाई म्हणाल्या आणि पुन्हा उशीवर डोकं टेकून त्यांनी उजवा हात निर्जीव सोडून दिला. "उशाशी कोण बसणार, तेवढं ठरवा तुम्ही."

बारक्या त्या पलंगाकडे वळला. मग त्याने असिस्टंटला हाक मारली. दोनदा मारावी लागली.

"मुलीला आत घ्या. खुर्चीत बसवा. ती बॅग काढून घ्या तिच्याकडून."

"आणि हिरो, सर?"

"तो नाही या सीनमध्ये. नव्हताच."

हिरो उठला. आधी त्याला वाटलं थट्टा आहे, मग थट्टा नाही हे कळलं आणि तो ताडताड चालत मेकअपच्या खोलीकडे गेला. दादा त्याच्यामागे धावला, अहो ऐका तर, बोलून घेऊ, करत. दार दाणकन आपटलं. या सिनेमाचं पुढे काय होणार, होणार की नाही, हे त्या घडीला कुणालाच सांगता आलं नसतं. दिवेवाले दिवे हलवायला लागले. कुणीतरी पेला उचलून कापूस शोधायला गेलं. नवी पोरगी बिचकत बिचकत खुर्चीत टेकली आणि कुठे बघू म्हणून ताईकडे बघायला लागली.

गडबडीत बारक्या ताईच्या स्टुलाशी आला. तिने वही उघडली होती, पानावर नवीन आकडा घातला होता. तो तिच्यासमोर उभा राहिला, लहानपणी मार खाऊन यायचा तसा.

"ताई, खरंच विचारलं तिनं?"

"तीनदा," ताई म्हणाली. "आणि तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. आता बाजूला हो, मला पलंग दिसत नाहीये."